राहून गेलेला फर्मा

दि. ६ फेब्रुवारी

चि. चिकट्यास,

प्रभूच्या नावाने अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू नव्यानं बांधून पाठवलेलं चर्चच्या व्यासपीठावरचं शास्त्र, आपलं ते थोरलं बायबल, शनिवारी सुखरूप पोचलं. पार्सलवाल्याला वाटलं आत शिवणयंत्र आहे, दोनदा विचारलं त्यानं. कातडी बांधणीवरून मंडळीतली माणसं असा हात फिरवत होती, जणू कुणाकडं बाळ झालंय. आमच्या चिकट्याला सुईदोऱ्यातलं एवढं कळतं हे आता गावभर झालं. पण शेफारू नकोस. लहानपणी तू खळ चाटायचास हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता कालच्या उपासनेचं ऐक. बाबा दर रविवारी उपदेशात मसीहाविषयीच्या भविष्यवचनांवर बोलतायत हे तुला कळवलंच होतं. काल नव्या बांधणीतलं पहिलं वाचन, म्हणून त्यांनी यशया संदेष्ट्याचा त्रेपन्नावा अध्याय घेतला. तोच तो, दुःख सोसणाऱ्या सेवकाचा. बाबांची रीत तुला ठाऊक आहे. पाठ असलेली ओळसुद्धा आधी डोळ्यांनी वाचायची, तिच्यावर बोट ठेवायचं, मग तोंड उघडायचं. शास्त्र वाचायचं असतं, म्हणायचं नसतं, हे त्यांचं ब्रीद. कालही बोट ओळीवर होतं, मध्ये पान उलटलं, क्षणभर थांबले, पुढं वाचलं. ज्याच्याकडं बघून ओढ वाटावी असं त्याला रूप नव्हतं, लोकांनी त्याच्यावरून तोंड फिरवलं, आणि कातरणाऱ्यापुढं मेंढरू गप्प राहतं तसा तो गप्प राहिला, इथवर आले आणि मंडळीच्या खजिनदारबाईंनी रुमाल काढला. त्या बाईंनी रुमाल काढला म्हणजे बघ!

मग बाबा म्हणाले की तो कुठं जन्मणार, कुठल्या घराण्यात, कसा येणार हे ज्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, त्यांनीच दारात उभ्या असलेल्या मसीहाला ओळखलं नाही. पाठांतरानं माणसाचे डोळे मिटतात, असं म्हणाले.

आणि एक नवल. काका आले होते! तीन वर्षांनी. शेवटच्या बाकावर बसले आणि शेवटच्या गाण्याआधी उठून गेले. तू तेव्हा इथं नव्हतास, म्हणून तुला सगळं नीट ठाऊक नसेल. काका घड्याळं दुरुस्त करत आणि रविवारी शास्त्रवाचन करत. एका रविवारी बाबांना संशय आला की हे वाचत नाहीत, म्हणतायत. बाबा उठले, व्यासपीठावर गेले, एका ओळीवर बोट ठेवलं आणि भर मंडळीत सख्ख्या भावाला विचारलं की ही ओळ कुठली. काकांना सांगता आलं नाही. बाबांनी पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले की पाठ केलेलं वाढणं म्हणजे देवापुढं शिळं वाढणं. काका निमूट खाली उतरले आणि घरी गेले. पुढं कळलं की त्यांना मोतीबिंदू होता आणि वाचनाचं काम जाईल म्हणून ते लपवत होते. शस्त्रक्रिया झाली, आता ते केसाएवढा स्क्रू बसवतात. पण आपल्या घरची पायरी त्यांनी पुन्हा चढली नाही, आणि बाबाही गेले नाहीत. दोघंही एकाच मातीचे.

घरी बाकी ठीक. बाबा हल्ली चिडचिडे झालेत. मी खुर्ची जरा सरकवली तर घर डोक्यावर घेतलं. परवा चहा कपात कमी आणि टेबलावर जास्त ओतला. खजिनदारबाई रस्त्यात समोरून आल्या तर ओळखही दाखवली नाही, त्या माझ्याकडं येऊन फणकारून गेल्या. आणि तुझा हात भाजल्याचं पत्र हातात घेऊन बसले आणि म्हणाले, पोरगं मजेत आहे. असं कसं बोलवतं माणसाला? पण तू मनाला लावून घेऊ नकोस. वय झालं की माणूस कडक होतो, पावासारखा.

मार्चच्या पहिल्या रविवारी बिशपसाहेब येणार आहेत. तुझ्या बांधणीतून तेच वाचणार, आणि तोच अध्याय. बाबांनी स्वतः तसं ठरवलंय.

हाताला मलम लाव. आहे तेवढी माया राहू दे, जास्त मागत नाही.

तुझी,
ताई


दि. ७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत बाबांनी माझी बिनपाण्यानं करून झालेली असेल. काय झालं ते लगेच कळव. नाही, हळूहळू कळव. मला ऐकवेल असं वाटत नाही.

ताई, माझ्या हातून असं झालंय की माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या. त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. फर्मे एकावर एक रचायचे आणि पाठीशी शिवायचे, झालं पुस्तक. यशयाचा मधला फर्मा सगळ्यात झिजलेला होता. बाबांचं बोट इतकी वर्षं त्याच ओळींवरून फिरलंय, कडा कापसासारख्या झाल्या होत्या. म्हणून तेवढाच वेगळा काढला, फाटलेल्या जागी पातळ कागद लावला आणि वाळायला दोन फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवला. अगदी जपून ठेवला. मग बाकीचं शिवलं, पुठ्ठा चढवला, कातडं ओढलं, आणि तुम्हाला पाठवून दिलं.

आज दुसऱ्या कामाला फळ्या हव्या होत्या. वजन उचललं, वरची फळी काढली, तर खाली यशया! मी जमिनीवर बसलो, दुकानातल्या माणसांना वाटलं मला चक्कर आली.

शिवण्याआधी प्रत्येक फर्म्याच्या पायाशी छापलेला आकडा बघून क्रम तपासायचा असतो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आणि हे पुस्तक? हे तर आपलंच, लहानपणापासून पाठ, याचे आकडे काय बघायचे? म्हणून नाही बघितले. जो फर्मा सगळ्यात जास्त जपायचा होता तोच राहिला.

माझ्या डोळ्यांपुढून एकच चित्र हलत नाही. भरलेली मंडळी, भविष्यवचनं म्हटली की येणारच तो त्रेपन्नावा, बाबा तो काढतायत आणि पानच नाही. एकोणपन्नासाव्या अध्यायावरून थेट अठ्ठावन्नावा. आधीच मी त्यांच्यासारखा पाळक व्हायचं सोडून बाइंडर झालो म्हणून ते वर्षभर माझ्या एकाही पत्राला उत्तर देत नाहीत. आता तर तोंडही बघणार नाहीत. व्यासपीठावर त्यांची शोभा झाली असेल तर ती माझ्यामुळं.

फर्मा माझ्याजवळ सुखरूप आहे. काय करू ते सांग. रागावलीस तरी तोडू नकोस.

तुझा,
चिकट्या


दि. १० फेब्रुवारी

चि. चिकट्यास,

आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मला वाटलं तू थट्टा करतोयस. मग वाटलं माझंच डोकं फिरलंय. माझं सहाचं पत्र तुला मिळालं असेलच. अरे, मी या कानांनी ऐकलंय, या डोळ्यांनी बघितलंय! बाबांनी तो अध्याय त्याच पुस्तकातून वाचला. बोट ठेवून. पान उलटून.

मी कामावरून परस्पर चर्चमध्ये गेले, किल्ली मागून घेतली, पुस्तक उघडलं. तू म्हणतोस तसंच. एकोणपन्नासाव्यानंतर अठ्ठावन्नावा. मी तीनतीनदा पानं चाळली. खोटं कशाला बोलू, आधी माझ्या मनात आलं की चमत्कार झाला. जे पान नव्हतं ते देवानं आपल्या सेवकाला दाखवलं. मी तिथंच गुडघे टेकले. अंगावर काटा, डोळ्यांत पाणी, आणि मनात आलं की आपले बाबा म्हणजे संदेष्ट्यांच्या पंक्तीतले.

मग उठता उठता माझ्यातली नर्स जागी झाली. तिनं मला चहा कुठं सांडला ते आठवून दिलं. खुर्ची सरकवल्यावरचा त्यांचा राग आठवून दिला. बाकांच्या टोकांना हात लावत ते व्यासपीठापर्यंत जातात आणि आम्हाला वाटतं ते आशीर्वाद देत जातात, ते आठवून दिलं. चिकट्या, माझ्या पायाखालची जमीन सरकली.

मी घरी आले. बाबा खिडकीपाशी केस विंचरत होते, तोंड दाराकडं. मी चपला बाहेर काढल्या, आवाज न करता आत गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. हात लांब केला असता तर लागला असता. दिवसाउजेडी ते सरळ माझ्याकडं बघत होते आणि विंचरत होते. मी हात वर केला. ते बघतच होते. मग त्यांनी भांग चाचपला, फणी जागेवर ठेवली, आणि स्वतःशीच पुटपुटले की आज पोरीला उशीर झाला.

मी तशीच मागं सरकत बाहेर आले आणि पायरीवर बसून तोंडात पदर कोंबून रडले. दिवसभर परक्यांच्या नाड्या बघते, परक्यांच्या डोळ्यांत औषध घालते. आणि माझ्या घरात माझा बाप आंधळा झाला आणि मला पत्ता नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता तुझ्या पत्रांचं. ते पत्र हातात घेऊन खुर्चीवर बसायचे, गंभीर चेहरा करायचे, घडी घालायचे आणि म्हणायचे, मजेत आहे पोरगं. दर वेळी तेच. मी मनात त्यांना दगड म्हणायचे. रागावलेले नव्हते रे ते. त्यांना वाचताच येत नव्हतं.

मी त्यांना अजून काही बोललेले नाही. कसं बोलू? काकांना ज्या गोष्टीसाठी भर सभेत खाली उतरवलं, तेच हे स्वतः किती महिने करतायत कोण जाणे. आणि मार्चमध्ये बिशपसाहेब ते पुस्तक उघडणार, पान नाही हे दिसणार, आणि मग सगळ्यांच्या लक्षात येणार की पाळकसाहेबांनी फेब्रुवारीत काय वाचलं होतं. मला सुचत नाही. तू सुचव. तुझ्यावर राग नाही, तेवढी फुरसत कुणाला आहे?

तुझी घाबरलेली,
ताई


दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं. मग घरी जाऊन बसून वाचलं. अजून मन थाऱ्यावर नाही. वर्षभर मी मनातल्या मनात बाबांशी भांडत होतो. मी हे लिहिलं त्यावर ते का बोलले नाहीत, ते लिहिलं त्यावर का नाही. एका पत्रात तर मी सरळ विचारलं होतं की तुम्ही मला मुलगा मानता की नाही. ताई, ते पत्र हातात घेऊनसुद्धा ते म्हणाले असतील, मजेत आहे पोरगं. मला हसू येतंय की रडू, कळत नाही.

पण रागही येतोय, आणि तो लपवत नाही. काकांनी जे भीतीपोटी केलं त्यासाठी बाबांनी त्यांना चारचौघांत उघडं पाडलं. तीन वर्षं काका शेजारच्या गल्लीत एकटे जेवतायत. आणि हे? यांना भीती वाटली ती मात्र देवाची सेवा? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मी मुलगा आहे म्हणून एवढ्यावर थांबतो.

एवढं लिहून मी चहा पिऊन आलो. आता जरा शांत झालोय. मी तरी कुठला शहाणा? पुस्तक पाठ आहे म्हणून मीही न बघता शिवलं. बाबांनी न बघता वाचलं, मी न बघता बांधलं, आणि तू रोज समोर बसून बघितलं नाहीस. उपासनेत त्यांनी ज्या लोकांविषयी सांगितलं, ज्यांना सगळी वचनं पाठ होती आणि दारातला माणूस दिसला नाही, ते लोक लांबचे कुणी नव्हतेच. आपलंच घर होतं ते.

फर्मा रजिस्टर पोस्टानं पाठवतोय, दोन पुठ्ठ्यांत घालून. माझं म्हणणं असं. बिशपसाहेब यायच्या आधी तू तो गुपचूप जागेवर सरकवून ठेव. मध्ये अलगद बसेल, न शिवताही दिसणार नाही. मी रजा मिळाली की येऊन शिवेन. झाकली मूठ राहील. बाबांना डॉक्टरकडं काहीतरी निमित्तानं ने. त्यांना कुणासमोर खाली मान घालायला लावू नकोस. मी एवढा रागावलोय तरी ते मला बघवणार नाही.

पोस्ट मिळाल्याबरोबर कळव. आणि स्वतःला दोष देत बसू नकोस, त्यासाठी मी आहे.

तुझा,
चिकट्या


दि. ४ मार्च

चि. चिकट्यास,

आशीर्वाद. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहायला हात उचलत नव्हता. फर्मा पोचला. झाकली मूठ मात्र राहिली नाही.

मी पार्सल स्वयंपाकघरात हळूच सोडत होते. डोळे गेले तरी कान कसले तिखट! बाबा दारात येऊन उभे राहिले आणि विचारलं की तुझ्या भावाच्या दुकानातला कागद वाजतोय, काय पाठवलंय त्यानं. मी काहीतरी थाप मारणार होते. पण त्यांचे डोळे माझ्या डोक्यावरून भिंतीकडं बघत होते, चिकट्या, आणि माझ्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं. फर्मा राहिल्याचं, पुस्तकात तो अध्यायच नव्हता याचं, आणि मला सगळं कळलंय याचं.

मला वाटलं ओरडतील. ते खाली बसले, जिथं खुर्ची नव्हती तिथं. जमिनीवर. चेहरा पांढराफटक. मग हात पुढं केला आणि फर्मा मागितला. तू लावलेल्या पातळ कागदावरून बोटं फिरवत राहिले, आणि विचारलं की त्या दिवशी माझं बोट कशावर होतं. मी म्हटलं, अठ्ठावन्नाव्या अध्यायावर, उपासावर. रविवारी घसा बसल्याचा निरोप देऊन घरीच राहिले.

मंगळवारी आपणहून म्हणाले की मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं ने. काचबिंदू निघाला. काकांसारखा मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हा काढता येत नाही. डॉक्टर तोंडाचे फटकळ. म्हणाले की वर्षापूर्वी आला असतात तर उरलेली नजर वाचली असती. मी बाहेरच्या बाकावर बसून हुंदके देत होते आणि बाबा माझ्या पाठीवर हात फिरवत होते! मग त्यांनी मला सांगितलं ते ऐकून मी गारच पडले. त्यांना पहिल्यापासून कळत होतं. मसीहा येईल तेव्हा आंधळ्यांचे डोळे उघडतील हे वचन आपण इतकी वर्षं सांगितलं, आता आपणच आंधळे झालो तर लोक म्हणतील की पाळकाचाच विश्वास कमी पडला. म्हणून ते कुणाला न सांगता प्रार्थना करत राहिले. वाट बघत राहिले की एक दिवस नजर परत येईल आणि कुणाला काही कळणारच नाही. त्याला मी विश्वास म्हणत होतो पोरी, असं म्हणाले.

काल दुपारी मला म्हणाले की काकांच्या घरी सोड. मी दारापर्यंत नेलं. दार वाजवायच्या आधीच त्यांनी मला परत पाठवलं. संध्याकाळी काका त्यांना हाताला धरून घेऊन आले, आपल्या पायरीपर्यंत. आत आले नाहीत. काय झालं ते दोघंही मला सांगत नाहीत. फर्मा बाबांच्या उशाशी आहे, तो मला पुस्तकात ठेवू देत नाहीत. उद्या बिशपसाहेब येणार. तू इथं असायला हवा होतास.

जवळ नसलास तरी जवळच राहा.

तुझी,
ताई


दि. ७ मार्च

चि. बाळास,

बापाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर बघून दचकला असशील. तुझ्या काकाचं आहे. मी बोलतोय, तो लिहितोय. मी सांगेन तेच लिहायचं असं ठरलंय. (ठरलेलं नाही, पण लिहितो. काका.)

तुझ्या ताईनं तुला शुक्रवारपर्यंतचं कळवलंय. पुढचं मीच सांगायला हवं. त्या दिवशी काकाच्या दाराशी उभा राहिलो तेव्हा माझ्याजवळ एक भाषण तयार होतं. क्षमा कशी मागायची, कुठलं वचन सांगायचं, सगळं पाठ. दार उघडल्याचा आवाज आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला की दादा, उंबऱ्याला पायरी आहे, पाय जपून टाक.

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्याला माहीत होतं! ताईनं सांगितलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. तो त्या रविवारी शेवटच्या बाकावर होता ना. मी पान उलटलं तेव्हा खाली बघितलं नाही, एवढ्यावरून त्यानं ओळखलं, कारण तोही तसाच उलटायचा. मी ज्या जागेवर त्याची अब्रू काढली त्याच जागेवर तो माझी काढू शकला असता. नुसतं उभं राहून विचारायचं होतं की दादा, ही ओळ कुठली. तो गप्प राहिला. कुणापाशी बोलला नाही. शेवटच्या गाण्याआधी निघून गेला, कारण त्याला रडू आलं होतं. (सर्दी होती. काका.)

बाळा, कातरणाऱ्यापुढं गप्प राहिलेल्या मेंढराचं वचन मी जन्मभर सांगितलं. त्या दिवशीही तेच सांगत होतो, मोठ्या आवाजात, आणि कातरणारा मी होतो हे मला ठाऊक नव्हतं. भाषण विसरलो. त्याचे पाय धरले. तो म्हणाला की आधी आत ये, दारात पसारा नको.

रविवारी बिशपसाहेब वाचायला उठले तेव्हा मी त्यांची परवानगी मागितली आणि व्यासपीठावर गेलो. पुस्तक उघडलं, रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि मंडळीला सांगितलं की गेल्या महिन्यात मी तुम्हाला इथून वाचून दाखवलं आणि इथं काहीच नव्हतं. मला दिसत नाही. काकाचंही सांगितलं, त्याला मी काय केलं तेही. मला एवढंच ऐकू आलं की बिशपसाहेब व्यासपीठावरून उतरून पुढच्या बाकावर बसले. मग मी काकाला वर बोलावलं. त्यानं तो सुटा फर्मा हातात घेतला, मी त्याचा खांदा धरून उभा राहिलो, आणि त्यानं वाचायला सुरुवात केली.

मध्येच त्याचा आवाज बसला. म्हणून पुढच्या ओळी मी म्हणायला लागलो, पाठ होत्या त्या, आणि तो बोट ठेवून ताडून बघत राहिला. एका ठिकाणी त्यानं माझा खांदा दाबला. हळूच म्हणाला की दादा, चुकलास. मी म्हणत होतो, तो त्यांच्या अपराधांसाठी घायाळ झाला. तिथं ‘त्यांच्या’ नाही. तिथं ‘आमच्या’ आहे. मंडळीनं फेब्रुवारीत रुमाल काढले तेव्हाही मी ‘त्यांच्या’च म्हटलं असणार, किती दिवस म्हणत होतो देव जाणे, आणि कुणी टोकलं नाही. मी ती ओळ पुन्हा म्हटली, बरोबर म्हटली. उरलेलं काकानं वाचलं.

नजर परत यायची नाही. देवानं मला दिली असती तर मी पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहिलो असतो, ताठ मानेनं. मसीहा गाढवावर बसून आला, मी मात्र घोड्यावरच्या राजाची वाट बघत होतो. दुखतं रे. सकाळी जाग आली की अजूनही वाटतं आज दिसेल. तसं वाटणं पाप नाही, असं काका म्हणतो, आणि हल्ली मी त्याचं ऐकतो.

काल त्यानं मला तुझी सगळी पत्रं वाचून दाखवली. तुझा हात आता कसा आहे? आणि तू विचारलं होतंस की मी तुला मुलगा मानतो की नाही. वर्षभर ते पत्र माझ्या मांडीवर होतं आणि मी ‘मजेत आहे पोरगं’ म्हणत होतो. मानतो. तू बांधलेलं पुस्तक हातात घेतलं तेव्हा मला बांधणी दिसली नाही, पण हात कुणाचा हे कळलं होतं. ते तुला तेव्हाच कळवायला हवं होतं.

फर्मा आम्ही अजून पुस्तकात ठेवलेला नाही. तू ये आणि शीव. मी धरून बसेन. या वेळी आकडे नीट बघ, मला बघता येणार नाही.

खाली सही माझी आहे. रेघेवरून घसरली तर हसू नकोस. या म्हाताऱ्यावर आहे तो जीव आटू देऊ नकोस.

बा

(सही दादानं स्वतः केली. मी पेन फक्त कागदावर नेऊन दिलं, हात धरू दिला नाही त्यानं. पहिला ‘बा’ कागदावर आला, दुसरा टेबलावर गेला. ताई पुसायला निघाली होती, मी पुसू दिला नाही. तू आलास की दाखवतो. काका.)